अर्धी गोधडी

दिवाळीच्या आधी घर आवरायला घेतले, की प्रत्येक घरात एक वस्तू अशी निघतेच, की जिच्यापाशी येऊन आवरणाऱ्याचे हात थांबतात. ती टाकवत नाही, वापरवत नाही, आणि ठेवायला जागा तर मुळीच नसते. मग ती होती तिथेच परत जाते आणि तिची गाठ पुढच्या दिवाळीला पडते. आमच्या साताऱ्याच्या घरात ही वस्तू म्हणजे आईची जुन्या कापडांची पेटी.

आईला जाऊन तीन वर्षे झाली. पहिल्या दिवाळीला पेटी उघडण्याचे कोणाला धैर्य झाले नाही. दुसऱ्या दिवाळीला वेळ झाला नाही, असे आम्ही एकमेकींना सांगितले. यंदा माळ्याला वाळवी लागलेली दिसली, माळा उतरवणे भाग पडले आणि पेटी खाली आली. अक्का कोल्हापूरहून आली, मी पुण्याहून गेले, वहिनी घरचीच. तिघीजणी माजघरात सतरंजी घालून बसलो आणि झाकण उघडले. डांबरगोळ्यांचा, वेखंडाचा आणि जुन्या सुती कापडाचा असा एक मिश्र वास आला. थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.

वरच्या थराला अण्णांची सात धोतरे होती. विरून मऊ झालेली, पण स्वच्छ धुतलेली आणि निगुतीने घडी घातलेली. त्याखाली आजीची आठ नऊवारी लुगडी. त्यांतले एक इरकली, काठ शाबूत आणि अंग विरलेले. मग आम्हां दोघींचे परकर, भावाच्या शाळेच्या खाकी चड्ड्या, पोलक्यांतून उरलेले खणाचे तुकडे, आणि उशांच्या जुन्या अभ्र्यांत भरलेल्या चिंध्या. अभ्रे तीन होते आणि प्रत्येकाच्या तोंडाला निराळ्या रंगाची नाडी बांधलेली होती. त्या रंगांचा अर्थ आईलाच ठाऊक. सगळ्याच्या तळाशी तीन गोधड्या होत्या. एकीचे थर नुसते कच्च्या दोऱ्याने टाचलेले. दुसरीचे ठिगळांचे वरचे अंग तेवढे जोडून तयार होते. आत काही घातलेलेच नव्हते. तिसरी मात्र बरीच पुढे गेलेली होती. चारी कडांनी वीतभर आत शिवण आली होती आणि मधला भाग मोकळा होता. शिवण थांबली होती तिथे सुई खोचलेली होती आणि सुईत हातभर दोरा होता. सुईला गंज चढून कापडावर तिचा तांबूस डाग उतरला होता.

अक्का म्हणाली, “हिला कोणी हात लावायचा नाही. आईने ठेवली तशीच राहू दे.”

मी म्हणाले, “असं कसं? एवढी झाली आहे, पुरी करू या. मी घेऊन जाते.”

वहिनी जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाली, “मला विचाराल तर तिन्ही देऊन टाकाव्यात.”

तीन गोधड्या आणि तीन मते! गंमत अशी, की प्रत्येकीला आपलेच मत आईवरच्या मायेचे वाटत होते. अक्काला गोधडी म्हणजे आईचा थांबलेला हात होता. मला ती आईची राहिलेली इच्छा वाटत होती. वहिनीचे मत आम्हां दोघींना तेव्हा कोरडे वाटले. त्यामागे काय होते ते पुढे कळले. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला झोप लागेना. अर्धवट राहिलेल्या कामाचे देणे कोणाला लागते, हा प्रश्न मनात फिरत राहिला. ज्याने काम सुरू केले तो गेला, तर ते देणे त्याच्याबरोबर फिटते, की घरदारासारखे ते वारसांकडे येते? आणि सुरू करणारी व्यक्ती हयात असेल, तरी सुरू केलेले प्रत्येक काम पुरे करायला ती बांधलेली असते का? हा प्रश्न मी आईच्या नावाने विचारत होते खरी. पण माझ्या स्वतःच्या कपाटात अशाच चार गोधड्या अर्धवट पडलेल्या आहेत, हे मला पक्के ठाऊक होते.

ज्यांनी गोधडी शिवलेली नाही, त्यांना तिच्यात किती काम असते याची कल्पना येत नाही, म्हणून थोडा हिशेब सांगते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. एका लुगड्याचे चार सारखे भाग करून एकावर एक ठेवले, की दोन मीटर लांब आणि पन्ह्याएवढी रुंद, अशी एका माणसाची चार पदरी गोधडी होते. खाली चांगले कापड, आत विरलेले, वर पुन्हा चांगले. सगळे जमिनीवर ताणून पसरायचे, सुरकुती काढायची, कडा दुमडून घ्यायच्या आणि काठापासून धावदोरा घालीत आत आत जायचे. ओळींमध्ये बोटाचे अंतर धरले, तर मध्यापर्यंत पोचेतो जवळजवळ सव्वाशे मीटर शिवण होते, आणि सेंटिमीटरला एक टाका धरला तरी बारा हजारांच्या घरात टाके पडतात. चार पदरांतून सुई काढताना मिनिटाला आठ-दहा टाके होतात. म्हणजे एका गोधडीला वीस-बावीस तास. एवढे टाके कशाला, असे कोणी विचारील. तर विरलेल्या कापडाला स्वतःचे बळ उरलेले नसते. ते बळ टाके देतात. एका थराची झीज दुसऱ्या थराने सावरावी आणि सगळ्यांनी मिळून थोडी हवा आत धरून ठेवावी, एवढ्यावर गोधडीची ऊब उभी असते.

आता पेटीतल्या कापडाचा हिशेब. लुगडी, धोतरे आणि बाकीचे मिळून ते चौदा गोधड्यांचे भरले. चौदा गोधड्या म्हणजे सुमारे तीनशे तास. रोज न चुकता एक तास बसले तरी दहा महिने. आई गेली तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती आणि शेवटची चार वर्षे तिची नजर अधू झाली होती. आपल्या हातून एवढे होणार नाही, हे तिला कळत नव्हते असे थोडेच आहे? मग तिने हे सारे कशासाठी जपले? हाव म्हणावी, तर अंगावर दोन पातळे आणि दांडीवर दोन, याहून अधिक तिने स्वतःसाठी कधी ठेवले नाही.

याचे एक उत्तर तिच्या बालपणात आहे. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, सरकारने सुती कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणले. बाजारात कापड मिळेना, मिळे ते मोजून मिळे. आजी रांगेत उभी राहून मांजरपाट आणी आणि त्यातून मुलांचे सदरे झाल्यावर उरलेल्या बोटभर पट्ट्याही डब्यात ठेवी, असे आई सांगत असे. त्या घरात कापडाला मरण नव्हते. लुगड्याचा परकर होई, परकराचे दुपटे, दुपट्याचे फडके, आणि फडक्याची शेवटी चुलीवरून भांडे उतरवायची चिंधी. जे यातून सुटे ते बोहारणीच्या पाटीत जाई आणि त्याच्या बदल्यात एखादे पातेले घरी येई. कापड टाकणे हा शब्दप्रयोगच त्या बायकांना अपरिचित होता. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा जुन्या, मऊ झालेल्या कापडातच गुंडाळायचे, आणि नवसाच्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून त्याचे नावच चिंधू ठेवायचे, अशी ती माणसे. चिंधी त्यांना हलकी वाटत असे, म्हणूनच ती त्यांना राखणदार वाटत असे.

पण एवढ्याने माझा प्रश्न सुटला नाही. सवयीचे कारण सापडले म्हणून ती सवय योग्य ठरत नाही. अर्धवट कामाबद्दल आपल्या परंपरेत दोन आवाज आहेत आणि ते एकमेकांशी सहज जुळत नाहीत. भर्तृहरीने नीतिशतकात माणसांच्या तीन पायऱ्या लावल्या आहेत. विघ्नांच्या भयाने जे आरंभच करीत नाहीत ते सर्वांत खालचे, आरंभ करून विघ्न येताच थांबतात ते मधले, आणि पुनःपुन्हा विघ्ने आली तरी हाती घेतलेले सोडीत नाहीत ते उत्तम. त्या मोजमापाने मी मधल्या पायरीवर, आणि माझी आईसुद्धा. दुसरीकडे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला आश्वासन देतात, की या मार्गावर केलेला आरंभ वाया जात नाही. थोडेसे आचरणही मोठ्या भयातून तारते. हे वचन कर्मयोगाबद्दल आहे, गोधडीबद्दल नाही, हे मला समजते. तरी वीतभर शिवलेल्या त्या कडांकडे पाहताना मला भर्तृहरीपेक्षा तेच जवळचे वाटले. त्या कडा काही कमी नेटक्या नव्हत्या. मध्य राहिला म्हणून कड खोटी होत नाही.

या दोन आवाजांच्या मध्ये मला तिसरी एक गोष्ट आठवली, आणि माझ्या मनातला गुंता तिथून थोडा सुटू लागला. ती बौद्धांच्या विनयपिटकात, चुल्लवग्गात आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंद भिक्षूला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला ते ऐकून राग आला. एका भिक्षूला एवढी वस्त्रे कशाला? हा काय कापडाचे दुकान घालणार आहे? तो आनंदाकडे गेला आणि त्याने विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? आनंद म्हणाला, ज्यांची वस्त्रे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंना वाटून देऊ. मग त्या जीर्ण वस्त्रांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायला. जुन्या अंथरणांचे? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झटकायची फडकी. आणि ती फडकीही विरली की? त्यांचे तुकडे करून, चिखलात मळून, त्याने जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

मी ही गोष्ट पूर्वी काटकसरीची म्हणून वाचली होती. त्या रात्री ती मला निराळी दिसली. राजाचा आक्षेप वस्त्रांच्या संख्येला होता, पण आनंदाने संख्येचे समर्थन केलेच नाही. त्याने प्रत्येक वस्त्राचा पुढचा मुक्काम सांगितला. जपणे आणि साठवणे या दोन शब्दांत आपण बोलताना फारसा फरक करीत नाही. पण फरक आहे, आणि तो असा आहे. ज्या वस्तूचा पुढचा मुक्काम मला सांगता येतो ती मी जपली आहे. जिचा सांगता येत नाही ती मी नुसती साठवली आहे, मग ती चिंधी असो की पैठणी. पतंजलीने यमांमध्ये अपरिग्रह सांगितला आहे. मला वाटते, हाताशी किती आहे यापेक्षा, ते कोणाच्या वाटेवर आहे, हे विचारले तर त्या व्रताचा अर्थ आम्हां संसारी बायकांना जास्त कळेल.

हे माप हाती आले आणि ते आधी माझ्यावरच चालवावे लागले. आईने फाटलेले कापड जपले. मी नवे कापड विकत घेऊन ठेवले आहे. पाच वर्षांपूर्वी मी गोधडी शिवायला हौसेने पुन्हा सुरुवात केली, आणि दुकानात कलमकारीचा किंवा अजरखाचा तुकडा दिसला, की ‘होईल कशाला तरी’ म्हणून घेऊ लागले. पुण्याला परतल्यावर मोजले: न कापलेले कापड साठ मीटर. म्हणजे सात गोधड्या, दीडशे तास. पुढचा मुक्काम? मला एकाचाही सांगता येईना. कापड घेताना मी गोधडी घेतल्याचे सुख घेत होते आणि शिवायचे काम उद्यावर ढकलीत होते. ते उद्याचे तास माझ्याजवळ आहेत, असे मी गृहीत धरले होते. जुने कापड फाडायला आईला जीव तुटत असेल. मी तर नवे धडधाकट कापड फाडण्यासाठी आणीत होते आणि फाडीतही नव्हते.

द्रौपदीच्या चिंधीची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. श्रीकृष्णाचे बोट कापले, सुभद्रा चिंधी शोधू लागली, तर तिला घरात सगळीच भारी वस्त्रे दिसली. द्रौपदीने मात्र अंगावरचे पीतांबर फाडून बोट बांधले. लहानपणी मला वाटे, की या गोष्टीचे तात्पर्य असे: घरात चिंधी नेहमी असावी! आता लक्षात येते, की द्रौपदीने चिंधी साठवलेली नव्हतीच. तिला फाडता येत होते, एवढेच. वेळेला फाडण्याची ज्याची तयारी नाही, त्याच्या घरी चिंध्यांनी पेटी भरली असली, तरी तो सुभद्रेसारखाच शोधीत राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सगळे उत्साहाने अक्काला आणि वहिनीला सांगितले. अक्का म्हणाली, “मग सांग, या अर्ध्या गोधडीचा पुढचा मुक्काम कोणता होता? आई कोणासाठी शिवत होती?”

मला ठाऊक नव्हते. अक्कालाही नव्हते. वहिनी मान खाली घालून धोतराची घडी सारखी करीत होती. ती म्हणाली, “माझ्या लेकासाठी.”

आणि मग तिने सांगितले. तिचा मुलगा पहिल्यांदा वसतिगृहात राहायला निघाला, तेव्हा आईने त्याच्यासाठी ही गोधडी घातली होती. रोज दुपारी ती उन्हाला बसून शिवत असे. निघायच्या आठवड्यात त्याने सहज सांगून टाकले, “आजी, गोधडी नको. तिथे सगळ्यांकडे ब्लँकेटं असतात, मुलं हसतील.” वहिनी तेव्हा तिथेच होती आणि तिने त्याला दटावले नाही, कारण तिलाही मनातून तसेच वाटत होते. त्याच दिवशी ती बाजारात जाऊन नवे ब्लँकेट घेऊन आली. आई काही बोलली नाही. तिने सुई कापडात खोचली आणि गोधडीची घडी घातली. “ती सुई त्यांनी परत काढली नाही,” वहिनी म्हणाली. “नजर पुढे दोन वर्षांनी अधू झाली. तोवर त्यांनी दुसऱ्या गोधड्या शिवल्या, हिला हात लावला नाही. मला दर दिवाळीला माळ्याकडे बघवत नाही.”

आम्ही दोघी गप्प झालो. आईची गोधडी मरणाने अर्धी राहिली, असे धरून आम्ही भांडत होतो. अक्का ज्याला थांबलेला हात म्हणत होती तो आईने आपणहून थांबवला होता, आणि ज्याला मी राहिलेली इच्छा म्हणत होते ती मोडलेली इच्छा होती. सगळ्या अर्धवट कामांना एकच नाव देऊन चालत नाही, हे मला त्या क्षणी कळले. काही कामे वेळ संपला म्हणून राहतात, काही शक्ती संपली म्हणून. काहींचा धनीच वाटेत नाहीसा होतो. नुसते पुरे करून टाकण्याने यांतल्या शेवटच्या प्रकाराला न्याय मिळत नाही. नको असलेली गोधडी पुरी केली, म्हणजे ती हवीशी होत नाही. आणि देणे जर असेलच, तर ते कामाला कधीच नसते. ते माणसाला असते. गोधडी शिवली जावी अशी गोधडीची इच्छा नसते. कोणाला तरी ऊब मिळावी, म्हणून ती घातलेली असते.

अक्का जरा वेळाने म्हणाली, “पण मग पुरं झालं असं म्हणायचं तरी कधी?” तिच्या भागात गोधडीला कित्येक घरी कौदी म्हणतात, तो शब्द कानडी मुलखातून आलेला. त्याच मुलखात, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या बाजूला सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून पश्चिम किनाऱ्यावर आणले गेले, त्यांतले बरेच पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात. त्यांची बोली कोकणीच्या घरातली, मराठी शब्द बाळगून असलेली. त्यांच्या बायका कवंदी शिवतात ती आपल्यासारखीच, कडेने सुरू करून फेरे घालीत मध्यापर्यंत. पण सगळे शिवून झाले तरी कवंदी पुरी होत नाही. चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या एकावर एक लावून ‘फुले’ करावी लागतात. फुले नसलेली कवंदी त्यांना उघडी वाटते. ऊब तर फुलांशिवायही तेवढीच असते. तरी त्या बायका थांबत नाहीत. म्हणजे पुरे होणे हे मापाने ठरत नाही. शिवणारीने ज्यांच्यासाठी शिवले, त्यांच्यापुढे ती वस्तू ठेवताना तिला संकोच वाटू नये, तेव्हा ती पुरी झाली. आईच्या गोधडीचे नेमके तेच हुकले होते. तिच्यापुढे ठेवायला माणूसच उरला नव्हता.

एवढ्यात भांडी घासून मावशी आत आल्या. त्या आमच्याकडे वीस वर्षे आहेत. आईबरोबर उन्हाला बसून त्यांनीही गोधडीला दोरा घातलेला आहे. आमचे बोलणे त्यांनी ऐकलेच असणार. अक्काला एकदम सुचले आणि ती म्हणाली, “मावशी, तुम्हीच न्या हो ही. पुरी करा आणि वापरा. आईला बरं वाटेल.”

मावशींनी गोधडीचा काठ चिमटीत धरून पाहिला. “टाका किती बारीक हाय बघा,” त्या म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, “मला नगं, बाई. आमच्यात हायेत गोधड्या. पर येक सांगू? तुम्ही सकाळपासनं ठेवायची का द्यायची, ठेवायची का द्यायची, येवढंच बोलताय. हिच्याखाली निजायचं कुनी, ते बोलंना कुनीच.”

अक्काचा चेहरा उतरला, आणि माझाही. आपल्याला नकोशी झालेली अडचण गरिबाच्या पदरात टाकायची आणि तिला दान म्हणायचे, ही आपल्याकडची जुनी वाट आहे. त्या वाटेने आपल्या घरातली जागा मोकळी होते आणि मनही मोकळे होते. घेणाऱ्याला ते हवे होते की नाही, हे कोणी विचारीत नाही. मावशींनी ते विचारायला न लावताच सांगून टाकले होते.

मग वहिनी पुढे झाली. तिने गंजलेली सुई हलक्या हाताने काढली. डाग तसाच राहिला. “मी घेईन पांघरायला,” ती म्हणाली. “तेव्हा बोलायला हवं होतं ते बोलले नाही. निदान थंडीत पायावर तरी घेईन.”

आम्ही नवी सुई घेतली आणि जमिनीवर गोधडी पसरून तीन बाजूंना तिघी बसलो. चौथी बाजू मावशींनी घेतली, आम्ही न बोलावता. दोन दुपारी लागल्या. आईचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, वहिनीचा त्याच्या जवळ जाणारा, अक्काचा तिरपा, माझा सगळ्यांत लांब. आईची शिवण कुठे संपते आणि आमची कुठे सुरू होते, हे आंधळ्यालाही बोटांनी समजेल. उसवून सारखे करावे, असे मला एकदा वाटले. पण कोणीच तसे म्हटले नाही, आणि मीही गप्प राहिले.

पेटीचे आम्ही काय केले, तेही सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कित्येकींच्या माळ्यावर अशी पेटी असेल. रंगाप्रमाणे ढीग लावायचा मोह होतो. तो आम्ही टाळला. प्रत्येक कापड हातात घेऊन उजेडापुढे धरले, ताणून पाहिले, आणि एकच प्रश्न विचारला: याचा पुढचा मुक्काम कोणता? ज्यांच्यात अजून बळ आहे ती खाली-वर लावायला. विरलेली पण सुती आहेत ती आत घालायला. अगदीच गेलेली फडक्यांना. भावाचे दोन टेरिकॉटचे सदरे निराळे काढले, कारण ते कापड सुताबरोबर नीट बसत नाही, सरकते आणि घाम शोषीत नाही. दोन नवी बाळे नात्यात येणार आहेत, त्यांच्या दुपट्यांसाठी अण्णांची धोतरे निघाली. चार गोधड्यांचे कापड वहिनीने ठेवले, कारण वर्षभरात चारच होतील, असे ती म्हणाली. बाकीचे, ज्यांना शिवायचे आहे असे आधी विचारून, त्यांच्याकडे पोचवले. इरकली लुगड्याचे काठ अक्काने मागून घेतले. त्याचा पुढचा मुक्काम तिला सांगता आला नाही आणि आम्हीही तिला फार छेडले नाही. नियम असला, तरी आईच्या पेटीत एक काठ नियमाबाहेर राहायला हरकत नसावी.

ठेवलेल्या प्रत्येक घडीला वहिनीने कागदाची चिठ्ठी टाचली: कोणाचे कापड, कशासाठी, कधीपर्यंत. आईने तीन अभ्र्यांना तीन रंगांच्या नाड्या बांधल्या, आणि त्यांचा अर्थ तिच्याबरोबर गेला. आईच्या हातून काही राहून गेले असेल, तर मला ते एवढेच वाटते. काम अर्धे ठेवून जाण्यात दोष नाही. सगळेच तसे जातात. पण ते कोणासाठी होते, हे सांगून ठेवले नाही, तर मागच्यांना ऊब मिळण्याऐवजी ओझे मिळते.

पुण्याला आल्यावर मी माझे कपाट उघडले. चारांतली एक गोधडी ज्या मैत्रिणीच्या मुलीसाठी घातली होती, ती मुलगी आता उंचीने माझ्या खांद्याला लागते. त्या गोधडीला आणखी एक पट्टी जोडून तिच्या मापाची करायची आहे. दुसरी शेजारच्या सुनेला शिकायला दिली, तिने मागितली म्हणून. तिसरी कोणासाठी घातली होती, ते काही केल्या आठवेना. ती उसवली आणि कापड मोकळे केले. उसवताना वाईट वाटेल असे वाटले होते, ते वाटले नाही. चौथी संक्रांतीच्या आत पुरी करायची आहे. ती मावशींना द्यायची नाही. त्यांच्याकडे आहेत. ती माझी मलाच हवी आहे, आणि हे चिठ्ठीवर लिहायला मला बराच वेळ लागला.